हॅटचोर

"ही सातवी," व्हरांड्यातल्या रिकाम्या लाकडी डोक्याकडे पाहत तपासनीस म्हणाले.

"वाऱ्याने उडाली असेल," बायको आतून म्हणाली.

"वारा दोरी सोडून ठेवतो का? तीही गुंडाळून?"

तपासनीसांनी एकतीस वर्षं बँकेत सह्या पडताळल्या होत्या. माणूस खरा की खोटा, हे ते चेहऱ्यावरून नव्हे तर सहीच्या शेपटीवरून ठरवत. निवृत्तीनंतर संशय घ्यायला कागद उरले नाहीत, तेव्हा त्यांनी गवताच्या हॅट्स करायला घेतल्या. हाताने विणलेला, आळशी पोरासारखा लोळत पडणारा गवती घेर किटलीच्या वाफेवर मऊ करायचा, लाकडी डोक्यावर ओढून बसवायचा, बुडाशी दोरी आवळायची आणि अंगठ्यांनी दाबत दाबत कड वळवायची. मग दोन दिवस वाळू द्यायचं.

"घरात एक लाकडी डोकं होतं ते पुरे नव्हतं का?" बायको म्हणायची.

"याला निदान सांगितलेलं कळतं," ते म्हणायचे.

लोकांना मात्र हॅट्स नको होत्या. फुकटसुद्धा. भाच्याने नेली, तिच्यात त्याच्या मांजरीने पिल्लं घातली. समोरच्या दंतवैद्याने "असू द्या, कामाला येईल" म्हणत घेतली आणि तिच्यात कांदे भरले. ते कांदे पाहून आल्यावर तपासनीसांनी किटली स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवली आणि दोन महिने भिंतीकडे बघत बसले. वाढलं तर जेवत, नाही तर नाही. मग एक दिवस हाताला चाळा म्हणून एक हॅट केली, आणि ती चोरीला गेली.

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. फुकट दिलेली वस्तू कांद्यांच्या लायकीची ठरते, आणि तीच कुणाला चोरावीशी वाटते, हा काही लहानसहान मान नव्हे. तरी चोर सोडायचा नव्हता.

"डॉक्टर, उन्हात डोकं उघडं टाकून हिंडता हल्ली," त्यांनी दंतवैद्याला हटकलं.

"टक्कल आहे हो. कोण चोरणार?"

चोरीचा विषय आधी याने काढला, ही नोंद तपासनीसांनी मनात केली.

पण आज सातव्या हॅटची दोरी हातात घेऊन त्यांनी ती सहीसारखी निरखली. चोर ओली हॅट कधीच नेत नव्हता. दोन दिवस पुरे झाले की मगच. गाठ नखाने सोडवलेली होती, ओढलेली नव्हती. ओढली तर गवतावर वळ उठतो. हे त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, तेही ओरडून. आणि दोरी चार बोटांभोवती गुंडाळून टोक आत खोचलेलं. घरातली प्रत्येक सुतळी अशीच गुंडाळलेली असे. ही सही मात्र त्यांनी कधी तपासली नव्हती.

बायको भाजी आणायला गेल्यावर त्यांनी पलंगाखालच्या पेट्या ओढल्या. सातही हॅट्स होत्या. घाट मोडू नये म्हणून प्रत्येकीच्या पोटात चुरगळलेलं वर्तमानपत्र.

ते फरशीवरच बसून राहिले. म्हणजे चोरण्याइतकीही कुणाला नको होती. मग त्यांनी पेट्या होत्या तशा आत सरकवल्या.

"लागला का चोराचा पत्ता?" बायकोने पिशवी ठेवत विचारलं.

"नाही. पक्का आहे. जाणकार माणूस दिसतो."

"आता नवीन करणार की..." तिचा हात पिशवीतच राहिला होता.

"करायला हवी. तो वाट बघत असेल."

आठव्या हॅटची कड त्यांनी तीनदा उलगडून पुन्हा वळवली. दोन दिवसांनी गवत खडखडीत वाळलं. तपासनीसांनी खांद्यावर टॉवेल टाकला.

"अंघोळीला जातोय गं," ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले. "आज जरा वेळ लागेल."

आत जाऊन त्यांनी कडी लावली, नळ पूर्ण सोडला आणि कपड्यांनिशी स्टुलावर बसले. बादली भरली, वाहायला लागली. तरी ते आणखी थोडं थांबले.