सातशे सत्त्याहत्तर

पाटोद्याच्या लोकांनी माझ्या बहिणीचं, कावेरीचं, ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हा मी सिरसाळ्यात माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात होतो. फोनवर एवढंच म्हणाले, समाजाच्या साइटवर तिचं पान बघा. बघितलं. तिच्या फोटोच्या जागी एक नागडी बाई होती आणि खाली कावेरीचं नाव.

माझं डोकं फिरलं. आमच्या वधू-वर मंडळाची साइट मी आणि महांतेश, दोघंच बघायचो. फोटो चढत नव्हते म्हणून मी फोल्डरला ७७७ ही परवानगी देऊन टाकली होती, म्हणजे सर्व्हरवरच्या कुणीही वाचा, लिहा, पुसा. हे बंद कर, असं महांतेश तीनदा म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं. आपलीच माणसं, आपल्यात कसलं कुलूप? आता मात्र एवढंच सुचलं, की दार उघडं आहे हे त्या एकट्यालाच ठाऊक होतं. त्यातून त्यानं कावेरीला मागणी घातली होती आणि आम्ही नाही म्हटलं होतं.

शटर ओढायचा लोखंडी आकडा घेऊन मी त्याच्या खताच्या दुकानात शिरलो. तो उठायच्या आत पहिला तडाखा खांद्यावर बसला.

"कावून केलंस बे?"

विचारत होतो आणि उत्तराची वाट न बघता हाणत होतो. डोकं वाचवायला त्यानं उजवा हात वर केला. तोच हात काउंटरवर दाबून धरला आणि आकडा घातला. बोटं मोडल्याचा आवाज आला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

लोकांनी मला ओढत घरी आणलं. कावेरी साइट उघडून बसली होती. तिनं समाजातल्या एकेका मुलीचं पान दाखवलं. सुंदरबाईची नात, शिवकांता, पुजाऱ्याची मुलगी. बेचाळीस मुली, बेचाळीस घाणेरडे फोटो. सर्व्हरवाले फोनवर म्हणाले, त्याच सर्व्हरवरची शेजारची कुठलीतरी साइट फोडून एक प्रोग्रॅम आत शिरला आणि उघडं दिसेल तिथं घाण टाकत गेला. त्यात माणसाचा हातच नव्हता.

बंद कसं करायचं? मला ७७७ तेवढंच येत होतं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात महांतेशचा हात प्लास्टरमध्ये होता. मी लॅपटॉप उघडला. तो भिंतीकडे बघत सांगत गेला.

"आधी ते फोटो पूस. मग फोल्डर ७५५, फाइली ६४४. लिहायचा हक्क फकस्त मालकाला."

मी टाइप करत गेलो. माझ्या धडधाकट दहा बोटांची मला लाज वाटत होती. काम झाल्यावर चुकलं म्हणालो, त्याच्या पाया पडलो.

"ऊठ बे," तो म्हणाला. "आता पासवर्ड बदल. आन मला सांगू नको."