दोन भिंतींच्या मधली चूक

"प्रशिक्षण ठरल्या तारखेला झालं. ही बघा सही!" तक्तेकाकांनी कागद टेबलावर ठेवला.

"आणि बदल नर्सेसनीच मागितला होता. आम्ही आठ दिवसांत करून दिला. चिठ्ठी 'झाले'मध्ये आहे, बघा तिकडे!" चिठ्ठीताईंनी भिंतीकडे बोट दाखवले.

प्रकल्पप्रमुख बाईंनी कपाळाला हात लावला. सकाळचे साडेदहाच वाजले होते. आठ महिने त्या हेच ऐकत होत्या, आणि दोघांचेही म्हणणे खरे असायचे, हेच तर दुखणे होते.

त्यांची कंपनी एका मोठ्या रुग्णालयासाठी औषधांची यंत्रणा बनवत होती. कोणत्या पेशंटला कोणते औषध कधी दिले, हे कागदाऐवजी खाटेजवळच्या पडद्यावर दिसायचे. तक्तेकाका कंपनीत सर्वांत जुने. सगळे आधी ठरवायचे, सह्या घ्यायच्या, आणि मग एकाही तारखेला हात लावू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. त्यांचा वर्षभराचा तक्ता डाव्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. चिठ्ठीताई वयाने निम्म्या. पंधरा दिवसांचेच काम घ्यायचे, लोकांना दाखवायचे, ते म्हणतील तसे बदलायचे. त्यांच्या रंगीत चिठ्ठ्या उजव्या भिंतीवर 'करायचे' या रकान्यातून 'झाले' या रकान्यात सरकत असत.

"दोन्ही पद्धतींतलं चांगलं ते घेऊ," असे संचालक साहेबांनी पहिल्या बैठकीत जाहीर केले होते. टाळ्या झाल्या, चहा झाला, साहेब निघून गेले. मेळ घालायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे विचारायला कोणी थांबले नाही. प्रत्येकाने आपापली भिंत धरली आणि मधे बाईंचे टेबल आले.

आता मात्र प्रकरण साधे नव्हते. नर्सेसना सोमवारी प्रशिक्षण दिले, ते तक्त्यातल्या तारखेप्रमाणे. दिलेले औषध यादीत जागेवरच राहते आणि त्यापुढे हिरवी खूण येते, असे त्यांना शिकवले. गुरुवारी चिठ्ठीवाल्यांनी पडदा बदलला. दिलेले औषध आता तळाशी जाऊ लागले आणि पुढचा डोस वर येऊ लागला. तो बदल तक्त्यावर नव्हता, म्हणून तो कोणी शिकवला नाही. शुक्रवारी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना एका आजींच्या नावापुढे इन्सुलिन सर्वांत वर दिसले, खुणेशिवाय. सकाळचे राहून गेले, असे समजून त्यांनी इंजेक्शन भरले. खरे तर ते संध्याकाळचे होते.

"अगं, मघाशीच टोचलं की त्या दुसऱ्या मुलीनं!" आजी म्हणाल्या, म्हणून वाचल्या.

सिस्टरनी हे सगळे स्वतःच्या हाताने वॉर्डच्या वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हातात रुग्णालयाची नोटीस पडली.

आणि आता संचालक साहेबांचा निरोप होता : अहवालात 'वापरकर्त्याची चूक' असे लिहा, सिस्टरची सही घ्या, विषय संपवा. बाईंनी लिहिले. वाचकहो, त्या दुष्ट नव्हत्या. फक्त फार दमल्या होत्या, आणि दमलेल्या माणसाला विषय संपवणे हेच पुण्य वाटू लागते.

दुपारी दोनला त्या वॉर्डात पोहोचल्या. ड्यूटी बदलत होती. जाणारी नर्स आणि येणारी नर्स एकेका खाटेशी थांबून हलक्या आवाजात बोलत होत्या. मोठ्या सिस्टर मागे उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटची खाट झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि अहवाल हातात घेतला.

"वापरकर्ता म्हणजे मी का?"

"हो."

"एकतीस वर्षांत मला पुष्कळ नावं ठेवली लोकांनी. हे नवीन आहे."

बाईंना हसू आले आणि लगेच लाज वाटली.

"सही करीन मी," सिस्टर म्हणाल्या. "भांडायचं त्राण नाही राहिलं आता. पण एक सांगा. डॉक्टरांनी लिहिलेला डोस मी माझ्या मनानं बदलू शकते?"

"छे!"

"तो पक्का. बदलायचा तर डॉक्टर येतात, खोडतात, सही करतात. आणि आत्ता आम्ही काय बोललो, ऐकलंत? बारा नंबरच्या काकांचा डोळ्याला डोळा लागत नाही. सातच्या आजी गोळी अख्खी गिळत नाहीत, कुटून द्यावी लागते. हे रोज बदलतं, म्हणून दर ड्यूटीला नव्यानं सांगायचं. दोन्ही लागतं, बाई! पण दोन्ही एकाच खाटेपाशी उभं राहून. डॉक्टरांचा कागद एका मजल्यावर आणि आमचं बोलणं दुसऱ्या मजल्यावर असतं, तर पेशंट कुठे गेला असता?"

बाईंच्या डोळ्यांपुढे त्या दोन भिंती आल्या.

"तुमचा तो तक्ता मला काही विचारत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या चिठ्ठ्या पंधरा दिवसांनी येऊन विचारतात, पण बदललं की सांगायला येत नाहीत. मी कुणाकडे बघायचं?"

"नोटिशीचं वाईट वाटत असेल ना?"

"वाटतं की! पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. फाईलमधला शेवटचा कागद हा असेल." त्यांनी ड्यूटीवर आलेल्या नर्सकडे पाहिले. "पण खरं वाईट हिचं वाटतं. माझं काय झालं ते हिनं पाहिलंय. आता ही वहीत स्वतःची चूक लिहील का हो?"

केवढे पाप त्यांच्या हातून होणार होते! पुढची चूक कोणी लिहिणार नाही, आणि पुढच्या वेळी बोलायला शुद्धीवर असलेली आजी असेलच असे नाही! त्यांनी सिस्टरच्या हातातून अहवाल काढून घेतला आणि घडी करून पिशवीत टाकला.

कार्यालयात येऊन त्यांनी नवा अहवाल लिहिला. "चूक आमची आहे. बदल केला आणि शिकवला नाही. सिस्टरनी लिहिले म्हणून ती कळली."

"काम हातचं गेलं तर?" संचालक साहेब ओरडले.

"जाईल," बाई म्हणाल्या. त्यांना आवाज चढवायचेही त्राण नव्हते.

मग त्यांनी दोघांना बोलावून सगळ्या चिठ्ठ्या डाव्या भिंतीवर, तक्त्याला लागूनच लावायला सांगितल्या. पेशंटचे नाव, औषध, डोस, वेळ आणि 'दिले' हे कसे दिसते, एवढे तक्त्यात पक्के. रुग्णालयाच्या सहीशिवाय त्याला हात नाही. बाकीचे चिठ्ठ्यांवर, विचारून विचारून बदलायचे. 'झाले' या रकान्याच्या आधी त्यांनी खडूने एक रेघ ओढली आणि नवा रकाना केला : 'सांगितले'.

"म्हणजे दर बदलाला प्रशिक्षण? माझ्या तारखा हलणार!" तक्तेकाका कुरकुरले.

"आणि माझी चिठ्ठी तिथे अडकणार," चिठ्ठीताई म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या. "दोघांनाही थोडं अडेल. आत्तापर्यंत फक्त सिस्टरना अडत होतं."

मग तक्तेकाका खुर्चीवर चढले आणि चिठ्ठीताई त्यांना खालून एकेक चिठ्ठी देऊ लागल्या.

काम हातचे गेले नाही. तो अहवाल वाचून रुग्णालयाने चार कडक ओळी लिहिल्या आणि सिस्टरची नोटीस मागे घेतली. ताकीद साहेबांकडून बाईंना मिळाली. एक कागद एका फाईलमधून निघाला आणि दुसरीत जाऊन बसला. बाईंनी तो वाचला, पोच दिली आणि वॉर्डात गेल्या, कारण दोन वाजत आले होते आणि त्या दिवशीचा बदल सांगायचा होता.

वाचकहो, आपल्या कार्यालयातही अशा दोन भिंती असतील. ठरवलेले पाळणारे हवेत आणि बदलू शकणारेही हवेत. पण ज्याच्यासाठी काम चालले आहे, त्याच्यापाशी दोघांनी मिळून उभे राहायला हवे. आणि जो आपली चूक स्वतः लिहितो, त्याच्यावर खापर फोडू नका. उद्या तुम्हाला कोणी काही सांगणार नाही.

बाई पोहोचल्या तेव्हा सिस्टरनी त्या दिवशी जिच्याबद्दल विचारले होते, तीच नर्स वही उघडून काहीतरी लिहीत होती.

"काल माझ्याकडून एक गोळी उशिरा गेली," ती म्हणाली. "तेवढं लिहिते, मग सांगा तुमचा बदल."

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि तिचे लिहून होईपर्यंत थांबल्या.