पिठाच्या डब्यातली बॅटरी

त्या दिवशी द्वादशी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांपर्यंतच होती. आदल्या दिवशीची एकादशी मी निर्जळी केली होती. पारणं वेळेत व्हायला हवं होतं, पारण्याआधी कळस दिसायला हवा होता, आणि कळस दाखवणारा ड्रोन थंडीनं जागचा हलत नव्हता.

माझा नेम जुना आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा घर सोडून देवळात जाणं होईना. म्हणून हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की स्वतःच्या गच्चीवरून दत्ताच्या देवळाचा कळस पाहीन आणि मगच तोंडात घास घालीन. बावीस वर्षं निभलं. मागच्या चैत्रात आमच्या आणि देवळाच्या मधोमध सात मजली इमारत उभी राहिली. स्कूटरवरून रोज देवळात नेऊन आणायला हे तयार होते, पण संकल्पात ‘स्वतःच्या गच्चीवरून’ असे शब्द होते. शब्द माझेच. तक्रार कुणाकडे करणार?

मग आमच्या लेकीनं, भैरवीनं, बंगळुरूहून हा ड्रोन पाठवला. नारळापेक्षा हलका. आमचे हे, मधुकरराव, तारखात्यातून निवृत्त झालेले, ते उडवायला शिकले. ड्रोन इमारतीच्या वर जायचा आणि यांच्या फोनवर कळस दिसायचा. पडद्यावरचं दर्शन चालतं का, हे मी देवळातल्या केशवबुवांना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, “त्याच घडीचं दिसत असेल तर चालते. कालचं आज दाखवाल तर नाही चालत. कालच्या आंघोळीवर आजची पूजा करता का?”

दिवाळीपर्यंत छान चाललं. पौषात नागपूरचा पारा आठावर आला आणि ड्रोननं अंग काढून घेतलं. फोनवर लाल अक्षरांत यायचं, बॅटरी थंड आहे, उड्डाण करू नका. मग ऊन तापेपर्यंत मी थांबायची, दुपारी बाराला उडायचा, बाराला जेवायची. पण आज बाराला द्वादशी उरणार नव्हती.

साडेआठला शेजारच्या यमुताई गच्चीवर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. कार्तिकात रामटेकचा गड पायी चढून आल्या, तेव्हा सगळ्या गल्लीनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. दर्शन घेऊन आलेले पाय ते. तेव्हापासून त्यांच्या शब्दाला वजन आहे.

“काहून वं सिंधू, अजून उपाशीच आहे?”

“हा उठत नाही, यमुताई.”

त्यांनी ड्रोनच्या पोटाला हात लावून पाहिला. “गारठलं वं लेकरू. मधुकर, तू बी काय माणूस आहे गा! एवढ्या थंडीत याले उघडं ठेवते?”

त्या खाली जाऊन ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून घेऊन आल्या. नातवाची कानटोपीही आणली. मी ड्रोन मांडीवर घेतला, दुलईत गुंडाळला आणि पुरचुंडीनं हलक्या हातानं शेकू लागले. कानटोपी काही बसेना, पंखे आड येत होते. यमुताईंना त्याचं वाईट वाटलं.

हे कठड्यापाशी पाठ करून उभे होते. खाली ओट्यावर तर्री-पोहे झाकून ठेवलेले. माझ्याआधी खाऊ नका, असं मी यांना कधी म्हटलेलं नाही, पण बावीस वर्षं हे खात नाहीत. एकदम वळले आणि ओरडले, “सिंधू! उठला, उठला! हे पाह्य, कळस!”

फोन माझ्यासमोर धरला. खरंच कळस होता, सोन्यासारखा. मी हात जोडायला हात उचलले, तर मांडीवरचं गाठोडं घसरलं.

“अहो,” मी म्हटलं, “मग हे माझ्या मांडीवर काय आहे?”

यमुताईंनी आधी फोनकडे पाहिलं, मग दुलईत, मग आभाळात.

“दोन ड्रोन घेतले का गा तू?”

“कालचं आहे,” हे हळूच म्हणाले. “रेकॉर्ड केलं होतं. तुले काल सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, सिंधू. मले पाहवून नाही राहिलं.”

मला राग आला नाही. पण जोडायला निघालेले हात मी खाली घेतले. नऊला पाच कमी होते.

यांच्याच मोबाईलवरून भैरवीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, शेकू नका गं! बाहेरून शेकलं की पाणी धरतं. बॅटरी काढा आणि नुसती कोमट करा. गरम नाही, कोमट. आणि उडाल्याबरोबर वर नेऊ नका, मिनिटभर खालीच तरंगू द्या, म्हणजे ती आतून तापते.”

कोमट म्हटल्यावर माझं मला उमजलं. थंडीत दही लागत नाही, तेव्हा आपण काय करतो? मी बॅटरी काढली, कोमट पाण्याची बाटली कोरडी पुसून तिच्याशेजारी ठेवली, दोन्ही शालीत बांधली आणि गाठोडं पिठाच्या डब्यात खोल खुपसलं. शेजारी कालच्या विरजणाचं गाठोडं होतंच. मग डब्यापाशी बसून जपाच्या तीन माळा ओढल्या. हे दर दोन मिनिटांनी झाकण उघडायला यायचे.

“सारखं उघडू नका,” मी म्हटलं. “मोडेल.”

नऊ वाजून बावीस मिनिटांनी बॅटरी काढली. करंगळी लावून पाहिली, विरजणाच्या दुधाइतकी झाली होती. ड्रोनला घातली. पंखे फिरले. मिनिटभर तो आमच्या गुडघ्यांशी घोंघावत राहिला आणि मग चढू लागला. फोनवर पाचवा मजला दिसला, सहाव्यावरची वाळत घातलेली लुगडी दिसली, सातवा, पाण्याची टाकी, आणि फोन बंद पडला.

“बत्तीस टक्के होते!” हे फोनला चापट मारून म्हणाले. यांचा फोनही म्हातारा, त्यालाही थंडी सोसत नाही.

आभाळात ड्रोन दिसत होता. इमारतीच्या वर, देवळाकडे तोंड करून, स्थिर. किती वेळ पाहत राहिला कोण जाणे. आमच्यापैकी कुणालाच काही दिसत नव्हतं, सगळं तो एकटाच पाहत होता. मग फोन हरवला हे त्याला कळलं असावं. जिथून उडाला तिथेच तो आपला आपण परत आला आणि गच्चीवर टेकला. पोटाला थोडं पीठ लागलेलं.

नऊ छत्तीस.

“बॅटरी संपली, फोन संपला,” हे खालीच बसले. “आता?”

मी पंखे थांबू दिले. मग पुढे झाले, पदरानं पीठ पुसलं आणि त्याच्या चार बारक्या पायांवर डोकं टेकवलं. कळस पाहून आला होता तो. त्याच घडीचा, आमच्याच गच्चीवरून निघून.

यमुताई जरा घुश्शात म्हणाल्या, “मी तं पायऱ्या चढत गेली होती वं. हा तं उडून आला.”

“थंडीत गेला, काकू,” हे म्हणाले.

त्यांनी विचार केला. मग कंबरेवर हात ठेवून, हळूहळू वाकल्या. यांनी तर साष्टांग घातला, पोह्यांच्या दिशेनं.

नऊ एकोणचाळीसला मी आवळ्याचा तुकडा तोंडात घातला.