नेव्हिलच्या कोड्याला दहापैकी तीन

थेल्मा ॲक्रॉइडच्या हाताखालून गेल्याशिवाय गावातलं एकही चित्रकोडं कुणाच्या घरी जात नसे. चॅपलच्या, म्हणजे गावच्या लहानशा चर्चच्या, सभागृहात दर गुरुवारी ती या तुकडे जुळवायच्या जिगसॉ कोड्यांचं कपाट उघडायची. लोक जुनी कोडी आणून द्यायचे, दुसरी घरी न्यायचे. पण आलेलं प्रत्येक कोडं थेल्मा आधी स्वतः लावायची आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवायची. तुकडे किती, कापणी कशी, तुकडा खाचेत घट्ट बसतो की नाही, चित्र बघण्यासारखं आहे का, भुसा किती सांडतो, आणि शेवटी दहापैकी गुण. चौदा वर्षांत आठ गुण तिनं फार तर पाच-सहा वेळा दिले असतील. दहा कुणालाच नाहीत.

तिचा नवरा नेव्हिल एकतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवत होता. निवृत्त झाल्यावर त्यानं बारीक पात्याची विजेची करवत घेतली, गावाबाहेरच्या रेल्वेपुलाचा फोटो प्लायवुडवर चिकटवला आणि मागच्या शेडमध्ये बसून त्याचे दोनशे तुकडे केले. हे बायकोला सरळ नेऊन दाखवणं मात्र त्याच्या जिवावर आलं. मागल्या वर्षी त्यानं पाखरांना दाणे टाकायला एक चौकी केली होती. "हिच्यावर पाखरं यायची नाहीत," असं थेल्मा म्हणाली होती, आणि खरंच एकही आलं नव्हतं. म्हणून त्यानं कोडं बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरलं आणि बुधवारी गुपचूप सभागृहाच्या पायरीवर ठेवून आला. नाव कळलं नाही म्हणजे मत तरी निःपक्षपाती मिळेल, हा त्याचा हिशेब.

ते कोडं फिरून आपल्याच जेवणाच्या टेबलावर येणार, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

तीन दिवस टेबल अडलेलं होतं. नेव्हिल ताटली मांडीवर घेऊन टोस्ट खात होता आणि ऐकत होता.

"हे बघ," थेल्मा म्हणाली. "हा तुकडा इथंही बसतो, तिथंही बसतो आणि त्या पलीकडच्या कमानीतही बसतो. धर्मशाळा आहे का ही?"

"नवखा असेल बिचारा."

"नवखा असेल तर घरच्यांना छळावं ना त्यानं. चॅपलला कशाला?"

नेव्हिलनं टोस्ट चावला.

चिठ्ठीत तिनं लिहिलं: 'कापणी जाड. खाचा सैल. कोपरा उचलला की सगळं गळून पडतं. भुशानं टेबल भरलं. दहापैकी तीन.'

त्या संध्याकाळी शेडमधून बराच वेळ पुटपुटण्याचा आवाज येत होता. पण दुसऱ्या दिवशी नेव्हिलनं आणखी बारीक पातं आणलं. दुसरं कोडं व्हिटबी बंदराचं होतं. या वेळी त्यानं प्रत्येक तुकडा मागून काचकागदानं घासला, भुसा झटकला, खाचा अशा कापल्या की तुकडा टक् करून बसावा. पुन्हा डबा, पुन्हा पायरी, पुन्हा मांडीवर ताटली.

"तोच आहे," थेल्मा म्हणाली. "हात सुधारलाय, अक्कल नाही सुधारली. साठ तुकडे नुसता समुद्र. वर साठ तुकडे आकाश, तेही राखाडी. एवढा कशाचा राग आहे या माणसाला?"

"व्हिटबीला आकाश राखाडीच असतं, थेल्मा."

"असू दे. ते लोकांना घरी लावायला लावू नये."

पाच गुण.

तिसऱ्याला नेव्हिलनं महिना लावला. चित्र हार्डवेअरच्या दुकानाच्या खिडकीचं होतं, किटल्या, दोऱ्या, रंगाचे डबे, कुलपं असं गच्च भरलेलं. आकाशाचा ठिपका नाही. शिवाय काही तुकडे त्यानं खास आकारांचे कापले: एक कुत्रा, एक किल्ली, एक किटली. सगळे मिळून दोनशे तुकडे त्यानं दोनदा मोजून डब्यात भरले. आता बोल म्हणावं, असं मनात म्हणत तो पायरीवरून परतला.

थेल्मा बोललीच नाही. दोन दिवस ती खाली मान घालून लावत होती. कुत्रा सापडला तेव्हा तिनं तो उलटासुलटा करून बघितला आणि बाजूला ठेवला. नेव्हिलला धड वर्तमानपत्र वाचवेना. रविवारी दुपारी तिनं खुर्ची मागे सरकवली.

"एक तुकडा नाही."

"काय?"

"इथं, रंगाच्या डब्यापाशी. भोक आहे. एवढं चांगलं काम करायचं आणि तुकडा हरवायचा. असलं कोडं कपाटात ठेवता येत नाही. दिलं परत." तिनं चिठ्ठी ओढली.

"दोनशे होते त्यात," नेव्हिल म्हणाला.

"असतील. आता नाहीत."

"होते म्हणतो ना. मी स्वतः मोजलेत, दोनदा."

थेल्माचं पेन थांबलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग कुत्र्याच्या तुकड्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं.

"म्हणजे तो गाढव तू आहेस होय."

नेव्हिलनं वर्तमानपत्राची घडी केली.

"दोन महिने मी इथं बसून डोकं फोडून घेतेय आणि तू समोर टोस्ट खातोयस?"

"सांगितलं असतं तर तू आधीच नाक मुरडलं असतंस. त्या पाखरांच्या चौकीसारखं."

"आली का पाखरं?"

"नाही आली."

"मग?" ती म्हणाली. पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता, आणि तोही बाहेर पडला. "चाळीस वर्षं तोंडानं सांगितलेलं एक ऐकलं नाहीस. चिठ्ठीवर लिहिलेलं मात्र अक्षरन् अक्षर पाळलंस."

मग दोघांनी मिळून तुकडे मोजले. दोनशे भरले. आणि भोकही होतंच. दोघंही चक्रावले. शेवटी थेल्मा चपला घालून शेडकडं निघाली, मागोमाग तो. करवतीखालच्या भुशात हात घातल्यावर तुकडा मिळाला. कापताना कुठंतरी एका मोठ्या तुकड्याचे दोन झाले होते आणि त्याला पत्ता नव्हता. कोडं दोनशे एकाचं होतं.

"तुझे दोनशेही बरोबर," तुकडा फुंकत थेल्मा म्हणाली, "आणि माझा एक कमीही बरोबर. पण तुला हे कळलं कसं नाही? डब्यात भरण्याआधी एकदा लावून नाही बघितलंस?"

"मी कापतो."

"पहिलं तरी लावलं होतंस? आयुष्यात एखादं तरी?"

त्यानं एकही लावलं नव्हतं. त्याला वाटे, ते रिकामटेकड्यांनी बसून करायचं काम.

थेल्मा घरात गेली, कपाटात ठेवायच्या लायकीचा नाही म्हणून जिन्याखाली टाकलेला रेल्वेपुलाचा डबा काढून आणला आणि सगळे तुकडे टेबलावर ओतले. "बस," ती म्हणाली. आणि खिडकीशी विणकाम घेऊन बसली.

पहिल्या दुपारी नेव्हिलनं फक्त कडा लावल्या, त्याही दोन ठिकाणी चुकीच्या. दुसऱ्या दुपारी कळलं की पुलाच्या अकरा कमानींतली कुठलीही कुठंही बसते. तिसऱ्या दिवशी बाहीचा धक्का लागला आणि निम्मा पूल टेबलाखाली गेला. त्यानं असा शब्द उच्चारला, जो त्यानं शाळेत कुणाचा खपवून घेतला नसता. थेल्मानं टाके मोजणं सोडलं नाही.

चौथ्या दिवशी पूल उभा राहिला. नेव्हिलचे डोळे लाल झाले होते, बोटांच्या टोकांना भुसा चिकटला होता.

"कुणी कापलंय हे?" तो म्हणाला.

"नाव नाही डब्यावर," थेल्मा म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दुकानाच्या खिडकीला तिनं सहा दिले. नेव्हिलचं म्हणणं सात. दोन दिवस घासाघीस झाली, पण किटलीची चोच पहिल्याच हाताळणीत हलायला लागली होती आणि ते त्यालाही दिसत होतं. सहावरच राहिलं.

सोमवारी त्यानं पुढच्या कोड्यासाठी तीन फोटो आणून तिच्यापुढं ठेवले. दोन तिनं बघताक्षणी उलटे केले. तिसरा, गावच्या भाजीप्रदर्शनातल्या टेबलाचा, बराच वेळ हातात धरला.

"कोबी फार आहेत," ती म्हणाली.

"बक्षीस कोबीलाच मिळालं होतं, थेल्मा."

"मग डावीकडचे तेवढे कापून टाक. आणि तुकडे किती, ते आधी मला सांग."

नेव्हिल फोटो घेऊन शेडकडं निघाला. त्यानं घेतली होती करवत, आणि पदरात पडली होती मुख्याध्यापिका. दार लावून घेता घेता त्यानं डावीकडच्या कोबींवर पेन्सिलीनं रेघ मारली.