एकोणिसाव्या पानावरची पट्टी

मी बत्तीस पानांची एक पुस्तिका आहे. मुखपृष्ठ फिकट हिरवे, शिवणीला दोन तारेच्या पिना, दोन्ही गंजलेल्या. बालवीर आणि वीरबाला यांनी उघड्यावरच्या जीवनाचा पुरस्कार मिळवायचा असेल तर काय काय करावे, ते माझ्यात लिहिले आहे. आज मी रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलेली आहे. सुतळी घट्ट आहे आणि माझ्याजवळ वेळ फार थोडा आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म १९६१ साली महाल नावाच्या वस्तीतल्या एका लहान छापखान्यात झाला. माझे खिळे नत्थूजी नावाच्या जुळाऱ्याने जुळवले. एकोणिसाव्या पानावर सातवे कलम आले तेव्हा त्याचा हात थांबला. कलम असे होते: "उमेदवाराने नैसर्गिक साहित्यातून स्वतः निवारा उभारून त्यात एक रात्र मुक्काम करावा."

"नैसर्गिक म्हंजे काय गा?" त्याने शेजारच्याला विचारले.

"तुले बांधाचा हाये का निवारा? जुळव चुपचाप."

त्याने जुळवले. ज्याला पहिल्याच दिवशी शंका आली, त्याला विचारायला जागा नव्हती. पुढे माझ्या आयुष्यात हेच होत राहिले.

माझे पहिले मालक बाबनराव. शाळामास्तर, बालवीरांचे पथक चालवणारे, खाकी शर्टाला कडक इस्त्री. रामटेकच्या पायथ्याशी शिक्षकांचे शिबिर भरले, तेव्हा मी त्यांच्या खिशात होते. तिथे कोणीतरी नत्थूजीचाच प्रश्न विचारला: निवारा बांधायचा दोर कशाचा असावा? बराच वाद झाला. शेवटी शिबिरप्रमुखांनी निर्णय दिला आणि बाबनरावांनी तो माझ्या पानाच्या तळाशी शाईने लिहून घेतला: "कलम ७. सुताचा दोर चालेल, कापूस शेतातलाच. शिबिरात ठरले." खाली सही आणि तारीख.

मला फार बरे वाटले. माझ्या एका आंधळ्या वाक्याला डोळा मिळाला होता.

दोन वर्षांनी मैल जाऊन किलोमीटर आले. सगळ्या पथकांच्या पुस्तिका कचेरीत मागवल्या गेल्या, वरून शुद्धिपत्राच्या पट्ट्या आल्या: "कलम ८ मध्ये दहा मैल याऐवजी सोळा किलोमीटर असे वाचावे." कचेरीतल्या शिपायासमोर दोनशे पुस्तिका होत्या आणि कणकेच्या खळीची एक वाटी. त्याने भराभर पट्ट्या लावल्या. माझी पट्टी तळाशी लागली, नेमकी त्या ओळींवर. त्या दिवसापासून उत्तर माझ्या अंगावर आहे आणि दिसत नाही.

१९६८ साली बाबनराव जिल्ह्याचे परीक्षक झाले. त्यांनी मला यमुताईंच्या हाती दिले. यमुताई मुलींच्या शाळेत शिकवत आणि वीरबालांचे पथक चालवत. त्या पेन्सिलीने समासात बारीक नोंदी करत, प्रत्येक नोंदीला तारीख घालत. ज्याची खात्री नाही त्यावर त्यांनी कधी सही केली नाही. अशा हातात मी पडले हे माझे भाग्यच होते. तरीही काही उपयोग झाला नाही.

त्यांच्या पथकात पुष्पलता होती. विणकराची मुलगी, सतरा वर्षांची. घरात दोन माग, त्यांतला एक बंद. एका अध्यापिका विद्यालयात त्या वर्षी पुरस्कार मिळवलेल्या मुलीसाठी एक जागा राखून ठेवली होती. पुष्पलताची बाकी सगळी कलमे पुरी झाली होती, राहिले होते सातवे. आणि अट अशी की अठरावे वर्ष पुरे होण्याआधी परीक्षकाची सही हवी. तिचे अठरावे वर्ष ९ मे १९७१ ला पुरे होणार होते.

एप्रिलच्या सतरा तारखेला रामटेकजवळच्या एका शेतात तिने बांबू आणि पळसाच्या पानांचा निवारा बांधला. रात्र काढली. सकाळी पहिल्या मोटारीने बाबनराव आले. त्यांनी एकेक गाठ ओढून पाहिली. एकही सुटली नाही.

"बांधणी उत्तम आहे," ते म्हणाले. मग बोटाने दोर चिमटीत धरला. "पण हे काय?"

"सूत हाये जी. बाबाच्या मागावरचं. मीच पीळ देऊन दोर केला."

"सूत गिरणीतून येतं. नैसर्गिक कसं?"

"पण कापूस तं वावरातच येते ना जी?"

"कापूस येतो. सूत येतं का झाडाला?"

यमुताई म्हणाल्या, "सर, कलमात दोराबद्दल काहीच नाही."

"म्हणूनच तर म्हणतो. मी तोंडी हो म्हणीन, पण उद्या वरून विचारलं तर मी काय दाखवू? लेखी काही असेल तर आणा. त्याच क्षणी सही करतो."

तिघेही माझ्यावर वाकले. बाबनरावांचे बोट सातव्या कलमावर होते. तिथून चार बोटे खाली त्यांचे स्वतःचे अक्षर होते, त्यांची स्वतःची सही होती. ते खोटे बोलत नव्हते. दहा वर्षांत त्यांनी शेकडो टिपा लिहिल्या होत्या, एक विसरले. मी मनात ओरडत होते. पान ओरडते तेव्हा फक्त वाऱ्याने फडफडल्यासारखे वाटते. यमुताईंनी मला तळव्याने दाबून धरले.

त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिले. बाराव्या दिवशी पोस्टकार्ड आले. एकच ओळ: "पुस्तिकेत दिल्याप्रमाणे करावे."

यमुताईंनी ते तीनदा वाचले आणि माझ्या एकोणिसाव्या पानात ठेवले. माणसे मला विचारत होती, मी कोणाला विचारू? कार्यालयाने पुन्हा माझ्याकडेच बोट दाखवले होते.

"ताई, दुसरा बांधतो मी," पुष्पलता म्हणाली. "झाडाच्याच मुळ्यांचा दोर करतो. मंग तं कोणी काही म्हणणार नाही ना?"

तिने पळसाच्या मुळ्या खणल्या, ठेचल्या, वळल्या. तिचे हात सुताचे होते, मुळ्यांचे नव्हते. तळव्यांची साल निघाली. दोर नीट मुरायला दिवस हवे होते आणि दिवसच नव्हते. सहा मेला तिने त्याच शेतात दुसरा निवारा उभा केला. संध्याकाळी वादळ सुटले, मागून गारा. दोर पटापट तुटले. बांबू आडवे झाले, पाने शेतभर उडाली. यमुताईंच्या पिशवीत मी ओलीचिंब झाले.

सकाळी बाबनराव आले आणि पडलेल्या बांबूंकडे बघत राहिले. त्यांचाही चेहरा उतरला. "यमुताई, पहिल्या निवाऱ्यावर मी अजूनही सही करायला तयार आहे. उद्या संध्याकाळपर्यंत. फक्त मला लेखी काहीतरी दाखवा हो. एक ओळ चालेल."

एक ओळ!

मी भिजले होते म्हणून पुष्पलताने मला सुकवायला घरी नेले. आठ मेची ती सकाळ मी विसरू शकत नाही. तिने एकेक पान हलक्या हाताने सोडवले आणि मला उन्हात उघडे ठेवले. पाण्याने शिपायाची कणकेची खळ विरघळली होती. एकोणिसाव्या पानावरच्या पट्टीचा कोपरा उचलला गेला. नखाएवढा. खाली शाईचा एक निळा डाग दिसू लागला. आणखी थोडे ऊन, एक वाऱ्याची झुळूक, एका बोटाचा धक्का, एवढेच हवे होते.

बोट आले. ते पुष्पलताचेच होते.

"हे पट्टी सुटून राहिली," ती स्वतःशी म्हणाली. तिने उठून मागावरच्या ताण्याच्या धाग्यांना लावायच्या खळीचे भांडे आणले.

तिची आई तुळजाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. "त्या पुस्तकाले काहून चिकटवून राहिली वं? त्यानं तुले काय दिलं?"

"ताईचं हाये माय. जसं आणलं तसंच द्या लागते."

"जसं आणलं तसं! अन् तुहे हात पाह्य कसे झाले."

पुष्पलताने भांड्यात बोट बुडवले. सोललेल्या बोटाने तिने पट्टीखाली खळ भरली, वरून सुती चिंधी ठेवली आणि अंगठ्याने दाबून, दाबून, दाबून बसवली. विणकराच्या घरची खळ ती. धाग्याला एकदा लागली की मागाचे हजार झटके सोसते.

त्या संध्याकाळी तिने मला यमुताईंना परत दिले. बाबनराव शाळेच्या व्हरांड्यात दिवे लागेपर्यंत थांबले होते. लेखी कोणाकडेच काही नव्हते. ते सायकल घेऊन गेले.

दहा मेला यमुताईंनी समासात लिहिले: "कलम ७. उत्तर मिळाले नाही." ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. पुष्पलता आईजवळ कांड्या भरायला बसली. त्यानंतर यमुताईंनी कुठल्याही मुलीला सुताचा दोर वापरू दिला नाही. पंधरा वर्षे मुली मुळ्या ठेचत राहिल्या आणि सोललेले तळवे मागे लपवत राहिल्या. प्रत्येक वेळी मला उघडले जाई, सातवे कलम मोठ्याने वाचले जाई, आणि मी पट्टीखाली गुदमरत राही.

बाबनराव आता नाहीत. यमुताई मागच्या महिन्यात निवृत्त झाल्या. कपाट रिकामे करताना त्यांनी मला बराच वेळ हातात धरले, ते पोस्टकार्ड काढून घेतले आणि मला गठ्ठ्यात ठेवले. नवी आवृत्ती आली आहे. तिच्यात सातवे कलम शब्दशः तेच आहे.

उद्या रद्दीवाला येईल. माझ्या पानांच्या फुटाण्याच्या पुड्या होतील. एकोणिसावे पान ज्याच्या हाती पडेल, त्याला माझी विनवणी आहे. बाबा रे, फुटाणे खा आणि पान फेकण्याआधी त्याचा तळ पाण्याने भिजव. चांगला भिजव, ती खळ लवकर सुटत नाही. खालची ओळ वाच. मग विणकरांच्या वस्तीत जा, पुष्पलताचे घर विचार. माग बंद असेल, पण ती तिथेच आहे.

तिला सांग, सूत चालत होते.

पट्टी कोणी चिकटवली, ते मात्र सांगू नकोस.