केळ्याचा ऑक्सिजन सत्त्याण्णव

धक्क्यावर सगळं गाव लोटलं होतं. महासाथीचा तिसरा महिना चालू होता आणि तालुक्याच्या दवाखान्याची लाँच आमच्या नदीत अजून शिरली नव्हती. गोरेपान डॉक्टर एवारिस्तो मात्र शहरातून स्वतःच्या होडीने अवतरले.

"तुम्हा काळ्यांचं रक्त मुळातच दणकट!" ते गरजले. "त्यात माझं हे सरबत! साथच तुम्हाला घाबरेल!"

किंमत बाटलीमागे एक कोंबडी. पुरावा म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. जो सरबत प्यायला त्याचा आकडा सत्त्याण्णव, नाहीतर अठ्ठ्याण्णव. लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, कोंबडी माझी नव्हती.

माझी निकोलासा मावशी खुर्चीत बसून पाण्याबाहेरच्या माशासारखी तोंड उघडत होती. तिचाही आकडा अठ्ठ्याण्णव.

"बरी झाली!" म्हणत डॉक्टरांनी वायरलेसवरून तालुक्याला कळवलं: आकडे अठ्ठ्याण्णव, गाव ठणठणीत, लाँच नको. तिकडच्या कारकुनाचा जीव भांड्यात पडला.

आमची सुईण प्लासिदाआजी घड्याळ धरून मावशीची छाती बघत होती. "मिनिटाला अडतीस श्वास. ही बरी असेल, तर मला अकरा पोरं झालीच नाहीत."

"आजी, यंत्र खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग याचीही तब्येत बघू." आजीने हिरवं केळं चिमट्यात घातलं.

सत्त्याण्णव.

"दणकट रक्त," मी म्हणालो.

"केळं... तसं जिवंतच असतं," डॉक्टर पुटपुटले.

मग त्यांची चप्पल. अठ्ठ्याण्णव.

आजीने मासे कापायच्या सुरीने चिमटा उघडला. आत बॅटरी आणि लाल दिवा. "खऱ्या यंत्रात बोटातून आलेला प्रकाश टिपायला समोर डोळा असतो. यात तो नाहीच. चिमटा मिटला की आकडा लागतो. अरे, खरं यंत्रसुद्धा आपल्या कातडीवर कधीकधी चढा आकडा दाखवतं! म्हणून श्वास मोजायचे."

तिने वायरलेस हिसकावला आणि लाँच मागितली.

"नोंदीत अठ्ठ्याण्णव आहे, बाई," कारकून म्हणाला.

"तेवढं तर चपलेचंही आहे! चप्पल इथेच राहील, निकोलासासाठी लाँच पाठव. नाहीतर अख्खं गाव वल्हवत तुझ्या टेबलाशी खोकायला येईल!"

दुपारी लाँच आली. ऑक्सिजनची नळी नाकाला लागली तशी मावशीने पहिल्यांदा तोंड मिटलं.

लोकहो, चमत्काराचं यंत्र दिसलं की आधी त्यात केळं घाला. आणि तुमचं रक्त दणकट म्हणून कोणी लाँच नाकारली, तर सांगा: आमचं रक्त तुमच्यासारखंच आहे. त्याला ऑक्सिजन लागतो.