समजलं नाही, पुन्हा सांगा

डोंबिवलीच्या गुरुदत्त मास्तरांची वही म्हणजे नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरींची पोथीच होती. तीनशे इंग्रजी वाक्प्रचार, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि मास्तरांची पैज अशी की याच्या बाहेरचं काही आलं तर मी मिशी उतरवीन. ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसायला एक मुलगी हवी होती. त्या एका खुर्चीसाठी ऑफिसबाहेरच्या बाकावर सात जणी बसल्या होत्या. सहा जणी वही मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या. सातवी जया, तिची मांडी रिकामी होती.

जया कळव्याची, मिठागरावरच्या नाथाची थोरली. आळीत मॅट्रिक झालेली ती पहिलीच. मास्तरांचा क्लास चालायचा नेमका मिठाच्या हंगामात, आणि हंगामात नाथाच्या घरचं कुणी मिठागर सोडून हलत नसे; आजचा एक दिवस तेवढा तिला मिळाला होता. ही जागा हुकली तर उद्यापासून पुन्हा मिठाची पाटी डोक्यावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आळीतल्या आवडाबाईने तर सकाळी वाटेत गाठून ऐकवलंही होतं, "खुर्ची टोचंल गो बाय तुला." ते वाक्य कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत जयाच्या डोक्यात होतं.

शेजारी बसलेली हेमा स्वभावाने चांगली होती. तिने वही पुढे केली.

"घोड्याचं पान तरी बघून घे. मास्तर म्हणाले, साहेबलोकांच्या बोलण्यात घोडे फार."

जयाने पान पाहिलं. घोड्यापुढे गाडी जुंपणे, म्हणजे उलटा क्रम करणे.

"आणि यात नसलेलं आलं तर गं?"

"येतच नाही," हेमा म्हणाली, आणि वही परत घेऊन पुटपुटू लागली.

परीक्षा सोपी होती, म्हणजे घेणाऱ्याला. हेडक्लार्क त्र्यंबकरावांच्या टेबलावर टेलिफोन ठेवलेला. पलीकडच्या इमारतीतून विलायती मॅनेजर एक निरोप सांगणार, तो रिसीव्हर कानाला लावून ऐकायचा आणि त्याचा अर्थ मराठीत लिहून द्यायचा. बॉयलरवरच्या माणसांना इंग्रजी येत नव्हतं आणि मॅनेजरला मराठी, त्यामुळे मधल्या पोरीलाच दोन्ही यायला हवं होतं. नियम भिंतीवर चिकटवला होता: उमेदवाराने फक्त ऐकावे. बोलू नये.

सहा जणी आत जाऊन आल्या. सगळ्यांचे चेहरे खुललेले. "घोडाच आला," हेमा जाताजाता कुजबुजली.

जया आत गेली, रिसीव्हर कानाला लावला. साहेबाचा आवाज घाईचा होता. "टेल द बॉयलर हाऊस टु होल्ड देअर हॉर्सेस टिल आय कम."

बॉयलरला सांग, हे कळलं. मी येईपर्यंत, हेही कळलं. मधला घोडा काही कळेना. मास्तरांच्या वहीतल्या घोड्याला गाडी होती, याच्यामागे गाडी दिसत नव्हती. काहीतरी लिहून मोकळं व्हावं, असं तिच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला.

पण ती नाथाची पोर होती. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात उघाडी असते, फळीचं दार. भरतीच्या वेळी नाथा या टोकावरून ओरडायचा आणि उघाडीवरच्या माणसाने त्या टोकाला ऐकायचं. निम्मे शब्द वारा खाऊन टाकायचा. ऐकणाऱ्याने अंदाजाने फळी उचलली की महिनाभर पिकवलेलं मीठ तासाभरात पाणी. म्हणून नाथाच्या मिठागरावर एकच कायदा होता. "आयकू नाय आला त परत इचार. लाजलीस त मीठ गेला."

जयाने रिसीव्हर घट्ट धरला आणि म्हणाली, "सर, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट इन प्लेन वर्ड्स."

त्र्यंबकराव खुर्चीतून उठलेच. मग साहेबाने घोडा सोडून साध्या शब्दांत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. जया थँक यू म्हणाली, रिसीव्हर ठेवला आणि कागदावर लिहिलं: साहेब येईपर्यंत थांबा. बॉयलर पेटवू नका.

त्र्यंबकरावांनी कागद ओढून घेतला.

"तू बाद. भिंतीवरचा नियम वाचता येत नाही?"

"येतो, साहेब."

"मग साहेबाला उलट विचारायची छाती कशी झाली तुझी? वीस वर्षं झाली मला इथे. मी कधी विचारलं नाही."

टेबलावर आधीचे सहा कागद पसरलेले होते. जयाने मान वळवून वरचा वाचला. 'बॉयलरवाल्यांनी कामाचा उलटा क्रम केला आहे. साहेब येत आहेत.' दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच, फक्त अक्षर वेगळं. भीती वाटायच्या ऐवजी तिला एकाएकी राग येऊ लागला.

"या सहा कागदांनी बॉयलर पेटला असता, साहेब. थांबा हे कुणीच सांगितलेलं नाही."

"ते तू मला शिकवू नकोस. जा आता."

"जाते. पण मला बाद करताय तर कागदावर कारण लिहा. समजलं नाही म्हणून विचारलं, एवढंच. आणि खाली सही करा."

"कारण लिहायची गरज नाही."

"मग मी इथेच बसते," जया म्हणाली आणि खरंच बसली, खुर्चीत पाठ टेकून. खुर्ची अजिबात टोचत नव्हती.

त्र्यंबकरावांनी दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. पोरगी हलेना. शेवटी त्यांनी टाक उचलला आणि रागारागाने ठसठशीत इंग्रजीत शेरा मारला: अर्थ न समजल्याने उमेदवाराने विचारले, सबब अपात्र. खाली सही केली. जयाने तो शेरा नीट वाचला, नमस्कार केला आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर होती आणि आवडाबाई बांधावर उभी राहून हसत होती.

आठव्या दिवशी कारखान्याचा शिपाई पोपट सायकल बांधावर टाकून पत्र घेऊन आला. पत्रापेक्षा त्याच्याकडची बातमी मोठी होती. सातही कागद मॅनेजरसाहेबाकडे गेले होते. त्याला वाचता न येणारे मराठीतले सहा त्याने बाजूला सारले आणि सातव्यावर त्र्यंबकरावांच्या इंग्रजी शेऱ्यातला 'अपात्र' तांबड्या पेन्सिलीने खोडून टाकला. बाकीचा शेरा तसाच ठेवला आणि पुढे लिहिलं, हिलाच घ्या.

सोमवारी जया बोर्डावर बसली. दुपारच्या सुमाराला मॅनेजरने तिला त्र्यंबकरावांचा फोन जोडायला सांगितला. तिने जोडून दिला. काचेपलीकडे त्र्यंबकराव रिसीव्हर धरून अदबीने तीनदा मान हलवताना दिसले. येस सर, येस सर, येस सर. फोन खाली ठेवला, आणि पाच मिनिटं टाळूवरून हात फिरवत ते तसेच बसून राहिले.

मग बोर्डावरचा त्यांचा दिवा लागला.

"जया," त्यांचा आवाज एकदम खालच्या पट्टीत, "मघाशी साहेब नक्की काय म्हणाले गं? तू ऐकलंच असशील."

"दुसऱ्यांचं बोलणं मी ऐकत नाही, साहेब," जया म्हणाली. "पुन्हा जोडून देते. त्यांनाच विचारा."

आणि ते नाही म्हणायच्या आत तिने बोर्डावरची जोडणीची दोरी साहेबाच्या खाचेत खोचली.